ती ८४ घरं शर्यत लावून वाटू नका : नगरपरिषदेला खुलं पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक-नगरसेविका आणि मा. मुख्याधिकारी,
आमची नगरपरिषद

विषय : घरकुल प्रकल्पातील शिल्लक ८४ सदनिका ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ या तत्त्वावर देण्याचा निर्णय मागे घेणेबाबत.

महोदय, महोदया,

मागच्या सोमवारी सकाळी साडेदहाला तुमचा शिपाई माझ्या दुकानात आला आणि एका कागदाच्या सहा झेरॉक्स काढून घेऊन गेला. तुमचं मशीन दिवाळीपासून बंद आहे, त्यामुळे नगरपरिषदेच्या नोटिसा बोर्डावर लागण्याआधी माझ्या काचेवरून जातात. ही नोटीसही तशीच वाचली. बायपासजवळच्या घरकुल प्रकल्पातल्या शिल्लक ८४ सदनिका जो आधी येईल त्याला मिळणार. सगळी कागदपत्रं आणि पन्नास हजारांचा डिमांड ड्राफ्ट जोडला असेल तरच अर्ज घेतला जाणार. मुदत पंधरा दिवस. खाली ठराव क्रमांक, सही, शिक्का.

या विषयात मी का बोलतोय ते आधी सांगतो. २०१७ साली प्रधानमंत्री आवास योजनेची मागणी नोंदवणं सुरू झालं, तेव्हा आपल्या गावातले ढीगभर अर्ज माझ्या संगणकावरून गेले. अर्जामागे पंचवीस रुपये घ्यायचे असं ठरलेलं होतं. लोक रात्री जेवून यायचे, कारण दिवसा आलं तर मजुरी बुडते. मार्केट यार्डातले हमाल, जिनिंगवर जाणाऱ्या बाया, धुणीभांडी करणाऱ्या मावश्या, दुसऱ्याची रिक्षा चालवणारी पोरं. अर्ज गेला की मी पोच छापायचो, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हातात द्यायचो आणि म्हणायचो, “नंबर लागला की नगरपालिका कळवेल.” हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. आता नऊ वर्षं होत आली. त्या पोचपावत्या घेऊन लोक अजून माझ्याकडेच येतात. तुमच्या पायऱ्या चढायची भीती वाटते, आणि माझ्या दुकानाला पायऱ्या नाहीत.

त्या पावत्यांत एक माझीही आहे. मी, बायको, दोन मुलं आणि आई पत्र्याच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी त्या पत्र्याखाली आई बसू शकत नाही, म्हणून तिला दुकानात आणून बसवतो. देशात कुठेही आमच्या नावावर पक्कं घर नाही. उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे, आणि ते किती आत आहे हे दुकान बघून कुणीही सांगेल.

आता जरा अवघड बोलतो. तुमच्या या नव्या पद्धतीत माझा फायदाच आहे. नोटीस मला गावाच्या आधी कळली. दाखले काढायचे ते माझ्याच मशीनवर. पन्नास हजार भिशीतून उचलता येतील. मनात आणलं असतं तर त्याच दिवशी बँकेची वेळ संपायच्या आत ड्राफ्ट काढून मी रांगेत पहिला उभा राहिलो असतो. आणि माझ्याकडे नऊ वर्षं पावती घेऊन येणारी मावशी चौऱ्याऐंशीतही बसली नसती. मी अजून अर्ज केलेला नाही. हे पत्र आधी लिहितोय.

तुम्ही नवे आहात, हे मी धरून चाललोय. चार वर्षं इथे प्रशासक होते. २ डिसेंबरला आम्ही मतदान केलं, २१ तारखेला तुम्ही निवडून आलात. मागचं सगळं तुमच्या माथी मारायचा माझा इरादा नाही. पण नोटिशीवरचा ठराव तुमच्या सभेचा आहे. शिवाय तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या प्रचारपत्रकात घरकुल होतं. मला माहीत आहे, त्यातल्या बऱ्याच पत्रकांच्या झेरॉक्स मीच काढल्यात. (दोघांची उधारी अजून बाकी आहे, पण तो विषय वेगळा.)

माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली तक्रार ‘शिल्लक’ या शब्दाबद्दल. घरं शिल्लक राहिली म्हणजे घ्यायला माणसं नव्हती, असा त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात काय झालं ते मी जवळून पाहिलंय. सदनिकेची किंमत दहा लाखांच्या घरात. त्यात केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख. उरले साडेसात लाख. ते लाभार्थ्याने उभे करायचे. पहिल्या यादीत नाव आलेले लोक वाटपपत्र घेऊन बँकेत गेले. बँकेने पगाराची स्लिप मागितली. हमालाला कसली स्लिप? आयकराचं विवरणपत्र मागितलं. जामीनदार मागितला. ज्या उत्पन्नाच्या दाखल्यावर नगरपरिषदेने माणसाला गरीब म्हणून पात्र ठरवलं, त्याच दाखल्यावर बँकेने त्याला कर्जाला अपात्र ठरवलं. काहींनी बचत गटातून, काहींनी बायकोचं डोरलं मोडून पहिला हप्ता भरला. बाकीच्यांची नावं ‘रक्कम न भरल्याने रद्द’ झाली. ती ही चौऱ्याऐंशी घरं. म्हणजे घरं आहेत आणि माणसंही आहेत. अडलंय ते मधल्या पैशांवर. त्यावर तुम्ही काय उपाय काढला? तर ज्याच्याकडे पन्नास हजार रोख तयार आहेत त्याने आधी यावं. ज्या कारणाने गरीब माणूस यादीतून गळाला, तेच कारण आता प्रवेशाची अट झालं.

दुसरी तक्रार यादीची. मूळ अर्जदारांची प्रतीक्षा यादी कुठे आहे? चौकशीला गेलं की “यादी वर पाठवली आहे” असं उत्तर मिळतं. वर म्हणजे कुठे, हे आजवर कुणी सांगितलं नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करा, असा सल्ला मला तुमच्याच एका कर्मचाऱ्याने दिला. सल्ला चांगल्या मनाने दिला होता. पण त्याच २००५ च्या कायद्याचं कलम ४(१)(ख) वाचा. अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने कुणी मागायची वाट न पाहता स्वतःहून जाहीर करायचं असतं. कोणाचा नंबर कितवा, कुणाचं नाव का वगळलं, कुणाचं नंतर घातलं, हे भिंतीवर लागलं असतं तर माझ्या दुकानातली निम्मी गर्दी कमी झाली असती. गेल्या वर्षी एक काका मला म्हणाले, “भाऊ, माझं नाव यादीत नसलं तरी चालेल, पण यादी आहे का ते तरी सांग.”

तिसरी तक्रार पंधरा दिवसांची. तुम्ही या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला मागितलाय. लोकसेवा हक्क कायद्याखाली तहसीलमधून हा दाखला मिळायची मुदत आहे पंधरा दिवस. तुमची मुदतही पंधराच दिवसांची! नोटीस लागली त्याच सकाळी कुणी अर्ज टाकला आणि तहसीलने शेवटच्या दिवशी दाखला दिला, तर तुमची खिडकी बंद झालेली असेल. त्यात देशात कुठेही पक्कं घर नसल्याचं प्रतिज्ञापत्र स्टॅम्प पेपरवर मागितलंय. शंभराचा स्टॅम्प २०२४ च्या ऑक्टोबरपासून पाचशेचा झाला. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क २००४ मध्येच माफ झालंय, तरी साधा कागद चालेल असं नोटिशीत कुठे लिहिलेलं नाही. लिहिलं नाही म्हणून लोक पाचशे घालतात, वर नोटरीचे वेगळे. घर मिळेल की नाही ठाऊक नसताना रोजंदारीवरची बाई दोन दिवसांची मजुरी अशी घालवते.

चौथी तक्रार लिहायला मला सर्वांत जास्त जागा लागेल, कारण ही माणसं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

अर्जात ‘पक्कं घर आहे का’ असा प्रश्न आहे. उत्तर हो किंवा नाही. एक गवंडी आहे, तीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधतोय. गावाकडे वडिलांचं घर होतं. वडील वारले, ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर पाच भावंडांची नावं लागली. पुढे धाकट्या भावाने स्वतःच्या पैशाने पुढच्या दोन खोल्या सिमेंटच्या केल्या. हा माणूस तिथे दिवाळीला दोन रात्री जातो, त्याही ओट्यावर झोपतो. कागदावर मात्र तो पक्क्या घराचा मालक आहे. छाननीत बाद. हक्कसोड करून द्या म्हणावं तर तो नोंदवायला खर्च, आणि बहिणी म्हणतात आधी आमचं ठरवा. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. दोन-दोन घरं असणाऱ्यांनी घरकुलं लाटलेली आपण पाहिलीत. पण एक पंचमांश ओटा आणि दुमजली बंगला यांना एकाच रकान्यात टाकायचं आणि माणसाला बाजू मांडायला बोलवायचंही नाही, हे कसं चालेल?

दुसरं उदाहरण एका मावशीचं. नवऱ्याने अकरा वर्षांपूर्वी सोडलं. तो दुसऱ्या जिल्ह्यात दुसरं बिऱ्हाड थाटून राहतो. कोर्टात फारकत झालेली नाही, कारण कोर्टात जायला पैसे आणि माणूस दोन्ही लागतं. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. म्हणून तुमच्या खिडकीवर तिला नवऱ्याचं आधार कार्ड मागतात. ते नसेल तर घटस्फोटाचा हुकूम, तोही नसेल तर मृत्यूचा दाखला. तिसऱ्या वेळी ती बाहेर येऊन माझ्याकडे बसली आणि म्हणाली, “मेला असता तर सोपं झालं असतं.” हसत म्हणाली, पण मला हसता आलं नाही. याच योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत एकट्या महिलांना प्राधान्य द्या असं लिहिलंय. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावं असंही आहे. बाईला पुढे करायचं म्हणून केलेली योजना खिडकीपाशी येईपर्यंत बाईलाच मागे कशी ढकलते, हे एकदा त्या खिडकीमागे बसून पाहा.

पाचवी तक्रार थोडक्यात. इमारत तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. जो आधी येईल तो तळमजला पसंत करणार, हे सांगायला ज्योतिषी नको. दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिक असलेल्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचा मजला द्यावा, हे मार्गदर्शक सूचनांतच आहे. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३७ प्रमाणे घरांच्या योजनांत पाच टक्के आरक्षणही आहे. तुमच्या नोटिशीत यातलं एक अक्षर नाही. काठी टेकत येणारा माणूस पहिला कसा येईल?

आणि मुळातच, भागीदारीत बांधलेल्या अशा प्रकल्पांत वाटपाची पद्धत पारदर्शक असावी, तिला राज्यस्तरीय समितीची मंजुरी असावी आणि निवडलेले लोक शहराच्या ‘सर्वांसाठी घरे’ कृती आराखड्यात नोंदलेले असावेत, असं या योजनेचेच नियम सांगतात. पळत येईल त्याला घर, या पद्धतीला समितीची मंजुरी घेतलीय का? घेतली असेल तर ते पत्र बोर्डावर लावा. झेरॉक्स मी फुकट काढून देतो.

तुमची बाजूही मी ऐकलीय. बांधकाम विभागातले एक साहेब चहाच्या टपरीवर म्हणाले, इमारत किती दिवस रिकामी ठेवायची? नळाच्या तोट्या चोरीला गेल्या, खिडक्यांची ॲल्युमिनियमची चौकट कुणी काढून नेली, रात्री तिथे पत्त्यांचा अड्डा बसतो. ठेकेदाराचं शेवटचं बिल अडलंय. यादीच्या भानगडीत पडलं तर आणखी दोन वर्षं जातील. साहेबांचं म्हणणं खोटं नाही. रिकामं घर झिजतं. पण नऊ वर्षांत जी यादी लावायला वेळ मिळाला नाही, ती आता घाई आहे म्हणून बाजूला ठेवायची, हे मला पटत नाही. नावं तुमच्या संगणकात आहेत. मीच भरलीत ती.

कुणी म्हणेल मग सोडत काढा. म्हाडा काढते, आणि २०२३ पासून कागदपत्रांची छाननी सोडतीच्या आधीच करते, म्हणजे नाव निघाल्यावर माणूस लटकत नाही. ती सुधारणा आपणही घ्यावी. पण नुसत्या सोडतीने माझं समाधान होणार नाही. चिठ्ठीला माणसाची अडचण दिसत नाही. रस्ता रुंदीकरणात ज्यांच्या खोल्या पडल्या ते आणि ज्यांना भाडं जरा महाग पडतं असा मी, आमच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात का?

घरवाटप दुसरीकडे कसं चालतं हे एका रात्री मी इंटरनेटवर वाचत बसलो होतो. इंग्लंडमध्ये १९९६ च्या गृहनिर्माण कायद्याने प्रत्येक स्थानिक कौन्सिलला वाटपाची योजना जाहीर करावी लागते. बेघर, दाटीवाटीने किंवा राहण्याजोग्या नसलेल्या घरात राहणारे, आजारपणामुळे घर बदलण्याची गरज असलेले, अशांना त्यात प्राधान्य द्यावंच लागतं. निर्णय पटला नाही तर फेरतपासणी मागता येते. तिथेही लोक वर्षानुवर्षं वाट पाहतात, तिथेही घरं कमीच आहेत. पण आपण रांगेत कुठे आहोत आणि पुढचा माणूस पुढे का आहे, हे विचारायचा हक्क आहे. त्याला काही कोटी रुपये लागत नाहीत. एक तक्ता लागतो आणि तो भिंतीवर लावायची तयारी लागते.

तेव्हा मागण्या.

१. ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ ही नोटीस स्थगित करा आणि तिच्यावर घेतलेले ड्राफ्ट ज्याचे त्याला परत करा. ज्यांनी धावपळ करून भरलेत त्यांचा यात काही दोष नाही. त्यांचेही अर्ज यादीत त्यांच्या जागी राहू द्या.

२. २०१७ पासूनच्या सगळ्या अर्जदारांची यादी प्रभागनिहाय लावा : अर्ज क्रमांक, तारीख, पात्र की अपात्र, अपात्र असेल तर कारण. नगरपरिषदेत, वॉर्डातल्या समाजमंदिरांत आणि संकेतस्थळावर. आधार आणि मोबाइल क्रमांक मात्र छापू नका, नाहीतर उद्या फसवणुकीचे फोन सुरू होतील आणि लोक पुन्हा माझ्याकडेच येतील.

३. हरकतींना तीस दिवस द्या. अपात्र ठरलेल्याला एकदा समोर बसवून ऐका. वारसाने गावच्या घरात नाव लागलेले आणि नवऱ्याने टाकलेल्या बायका यांच्यासाठी प्रत्यक्ष पाहणी आणि पंचनामा पुरावा म्हणून धरा. नियमात बसत नसेल तर तसा प्रस्ताव वर पाठवा आणि त्याची प्रत लावा.

४. गरजेचा क्रम ठरवा आणि तो सर्वसाधारण सभेत, लोकांसमोर ठरवा. माझ्या मते आधी ज्यांचं राहतं घर पडलं किंवा पाडलं गेलं ते, मग दिव्यांग आणि एकट्या बायका, मग बाकीचे अर्जाच्या तारखेप्रमाणे. तुमचं मत वेगळं असू शकेल. पण ते लिहिलेलं हवं. एकाच पायरीवर जास्त माणसं असतील तर तिथे सोडत काढा, वॉर्डांच्या आरक्षणाला शाळकरी मुलांच्या हातून चिठ्ठ्या काढता तशी, सगळ्यांसमोर. तळमजले आधी बाजूला काढून ठेवा.

५. पैसे वाटपपत्रानंतर घ्या, आधी नको, आणि हप्त्याने घ्या. गावातल्या बँकांच्या शाखाधिकाऱ्यांना एकदा सभागृहात बोलवा, स्लिप नसलेल्या माणसाला कर्ज कसं देता येईल ते तुमच्यासमोर ठरू द्या. एकटा हमाल बँकेत गेला तर त्याला बाकावर बसवतात. नगराध्यक्षांनी बोलावलं तर साहेब स्वतः येतील.

६. प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालेल, हे नोटिशीत ठळक अक्षरात लिहा. यात माझं आणि शेजारच्या स्टॅम्प विक्रेत्याचं नुकसान आहे. तो माझ्याशी दोन दिवस बोलणार नाही, पण चालेल.

या मागण्यांसाठी मी उपोषणाला बसणार नाही, मोर्चाही काढणार नाही. दुकान बंद ठेवणं परवडत नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेला प्रेक्षक म्हणून येईन, आणि ज्यांच्याकडे २०१७ ची पोच आहे त्यांनीही ती घेऊन यावं असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतोय. बसायला खुर्च्या कमी पडतील, तेवढी सोय पाहावी.

हे पत्र उद्या सकाळी अकरा वाजता बारनिशीत दोन प्रतींत देतोय. एक तुमच्यासाठी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून मला परत द्यावी. मागच्या वेळी शिक्क्याची शाई संपली होती, म्हणून या वेळी शाईची बाटली सोबत आणतोय.

आपला,
समोरचा झेरॉक्सवाला
(अर्जदार, २०१७)